पूररेषेनं तुमचं काय घोडं मारलं?

पुराचं पाणी ओसरलं की कोल्हापूर-सांगलीत दोन कामं एकदमच सुरू होतात. तलाठी पंचनामे करत फिरतो आणि शहाणी माणसं पूररेषेला शिव्या देत फिरतात. पंचनामे महिना-दोन महिन्यांत उरकतात, शिव्या पुढच्या पुरापर्यंत पुरतात. 'एसीत बसून नकाशावर रेघोट्या मारल्यात', 'निम्मं शहर रेड झोनमध्ये घातलं', 'शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पाण्यासाठी आमचे प्लॉट नासवायचे काय', 'भराव टाकून उंच बांधलं तर कुणाचं काय जातंय', 'पूर आल्मट्टीमुळं येतो आणि शिक्षा आम्हाला'. चहाच्या टपरीवर, बांधकाम व्यावसायिकांच्या मेळाव्यात, प्रचारसभेत आणि विकास आराखड्यावरच्या हरकतींतसुद्धा हीच वाक्यं थोड्याफार फरकानं भेटतात. ज्यांच्या स्वतःच्या घरात दोन-दोन वेळा छातीइतकं पाणी शिरलं, तेही ती म्हणतात, आणि त्याचाच मला जास्त वैताग येतो.

विरोधी पक्षावर अन्याय नको म्हणून त्याचं म्हणणं जितकं रास्त करून मांडता येईल तितकं मांडतो. शहर वाढतंय, जमीन तेवढीच आहे. बापजाद्यांची मळी नदीकाठाला आहे, तिच्यात ऊस परवडेनासा झालाय. बिनशेती करून विकली तर पोरांची शिक्षणं होतात. सरकार एक दिवस नकाशा काढतं, त्यावर निळी आणि लाल अशा दोन रेघा असतात आणि त्या दिवसापासून जमिनीचं मोल पडतं. मोबदला शून्य. पूर काही दरवर्षी येत नाही; येतो तो धरणवाल्यांनी पाणी वेळेवर न सोडल्यामुळं. मग एवढं तंत्रज्ञान कशाला आहे? भिंत बांधा, नदी खोल करा, जादाचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवा आणि माणसाला त्याच्या जमिनीवर घर बांधू द्या.

ऐकायला छान आहे. यातलं जवळजवळ एकही वाक्य पाण्यात टिकत नाही.

आधी रेघा कशाच्या ते पाहू, कारण शिव्या देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेलं असतं. पाटबंधारे विभागानं १९८९ साली परिपत्रक काढून निळी आणि लाल पूररेषा कशी ठरवायची ते सांगितलं; २०१८ मध्ये जलसंपदा विभागानं त्यात सुधारणा केल्या. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचतं ती, किंवा नदीच्या प्रस्थापित पात्रात मावणाऱ्या विसर्गाच्या दीडपट पाणी जिथवर पसरेल ती. दोन्हींत जी मोठी ती धरायची. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. वरच्या अंगाला धरण असेल तर सांडव्याचा महत्तम विसर्ग आणि धरणाखालच्या मुक्त पाणलोटातून येणारं पाणी हेही हिशेबात घ्यायचं. निळ्या रेषेच्या आतला पट्टा निषिद्ध: तिथं शेती, बाग, मैदान असे उघडे वापर चालतात, घर चालत नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. आणि नियंत्रित म्हणजे काय, तर जोतं लाल रेषेच्या पातळीच्या वर घ्या आणि बांधा. राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत ही मुभा लिहिलेलीच आहे.

म्हणजे ज्या 'रेड झोन'च्या नावानं बोटं मोडली जातात, त्यातल्या मोठ्या पट्ट्यात बांधकामाला बंदी नाहीच. बंदी आहे ती जिथं एका माणसाच्या आयुष्यात पाणी दोन-तीनदा यायचंच, तेवढ्या भागात. एवढ्या सैल नियमाला जाच म्हणायचं असेल तर मग नियम म्हणायचं तरी कशाला? माझी तक्रार उलटी आहे. जोतं उंच घ्या म्हणणारा हा नियमच भरावाला आवतण देतो. पण त्याकडं येतोच.

'शंभर वर्षांतून एकदा' हा या पक्षाचा लाडका पुरावा. २००५ साली महापूर आला, तेव्हा कित्येकांनी हुश्श केलं की आता नातवंडांच्या काळापर्यंत काळजी नाही. मग २०१९ आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोका पातळी ४५ फूट; तिथं कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पुन्हा तोच नातवंडांचा हिशेब झाला. दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगा ५६ फुटांच्या आसपास पोचली. नातवंडं अजून जन्मायचीच होती.

१०० वर्षांचा पूर म्हणजे कुठल्याही एका वर्षात येण्याची शक्यता एक टक्का असलेला पूर. यंदा येऊन गेला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता घटत नाही. ती पुन्हा एक टक्काच. २५ वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी चार टक्के. आता हे २० वर्षांच्या गृहकर्जावर पसरून बघा. लाल रेषेच्या काठावरच्या घराला, कर्ज फिटायच्या आत निदान एकदा तेवढं पाणी पाहण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेच्या काठावरच्या घराला सुमारे ५६ टक्के. म्हणजे कर्ज फेडता फेडता घरात पाणी येण्याची शक्यता न येण्यापेक्षा जास्त! ही आकडेमोड बारावीच्या पोराला येते. जो माणूस एक टक्का व्याज वाचवायला चार बँकांचे उंबरे झिजवतो, त्याला एवढा हिशेब का करावासा वाटत नाही?

आणि हो, रेषा चुकीची आहे हे मलाही मान्य आहे. मागच्या काही दशकांच्या नोंदींवरून ती काढलेली असते. पाऊस पूर्वीसारखा राहिला नाही तर नोंदींचा आधार लंगडा पडतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडला. ते पाणी कृष्णा-कोयनेतूनच खाली आलं. तेव्हा रेषा हलवा अशी मागणी असेल तर माझी सही घ्या. फक्त ती हलवायची नदीपासून लांब, शहराच्या बाजूला. तुम्हाला ती कुठल्या बाजूला सरकवून हवी आहे, ते विकास आराखड्याच्या हरकती वाचल्या की कळतंच.

खरा घोळ याच्याही खाली आहे. नदी म्हणजे उन्हाळ्यात दोन काठांमध्ये दिसतं तेवढं पाणी, ही आपली समजूत. त्यामुळं पाणी काठ सोडून बाहेर आलं की 'नदी आमच्या घरात घुसली' अशी बोंब होते. जलशास्त्र वेगळं सांगतं. मैदानी भागात नदी स्वतःचं पात्र कोरते ते साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापुरतं. त्यापेक्षा मोठा पूर त्या पात्रात मावावा अशी रचनाच नसते. तो काठाबाहेर पसरतो, थांबतो, गाळ टाकतो आणि सावकाश परत येतो. ज्या सपाट जमिनीवर तो पसरतो ते पूरमैदान, आणि ते नदीचंच अंग आहे. तुमची मळी इतकी सुपीक का, याचं उत्तरही तेच: दर पुरानं तिथं गाळ आणून टाकला म्हणून. गाळ घेताना नदी आपली आणि पाणी आलं की नदी परकी, हा कुठला न्याय? जुन्या वाड्याचा सोपा वर्षातले पन्नास आठवडे रिकामा असतो म्हणून कुणी तो भिंती घालून भाड्यानं देत नाही, कारण घरात कार्य निघालं की पंगत तिथंच बसते.

हे सगळं आपल्या पूर्वजांना कळत होतं असा गळा मला काढायचा नाही. त्यांनीही नदीकाठी भरपूर चुका केल्या. पण नरसोबाच्या वाडीला जाऊन या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळचं ते दत्तमंदिर दर पावसाळ्यात पाण्यात जातं. पाणी गाभाऱ्यात येऊन पादुकांवरून दक्षिण दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी चढलं की उत्सवमूर्ती वर हलवतात, ओसरलं की परत आणतात. पुराच्या जागेत काय ठेवायचं, काय उचलायचं आणि कधी, याची ही चोख व्यवस्था. आजच्या भाषेत यालाच पूरमैदानाचं व्यवस्थापन म्हणतात, आणि ते करायला वाडीच्या पुजाऱ्यांना कुठल्या सल्लागार कंपनीची गरज पडली नाही. कोल्हापुरातही जुनी माणसं 'पंचगंगेची मच्छिंद्री झाली का', म्हणजे पाणी ठरलेल्या जुन्या खुणेला लागलं का, असं विचारायची आणि उत्तर ऐकून सामान माळ्यावर टाकायची. आता आपण तळघरात पार्किंग, त्याच पार्किंगमध्ये विजेचे मीटर आणि तळमजल्यावर गाळे काढतो, आणि पाणी आलं की जिल्हाधिकाऱ्यांना फोन लावतो.

भरावाकडं आलो. 'माझ्या जागेत मी भराव टाकला तर कुणाचं काय जातं?' जातं ते शेजाऱ्याचं, आणि किती जातं ते मोजता येतं. एक एकर जागेत सहा फूट भराव टाकला तर पुराच्या पाण्याची २,६१,३६० घनफूट जागा गेली. लिटरमध्ये सुमारे ७४ लाख. दहा हजार लिटरचे ७४० टँकर. ते पाणी तुमच्या भरावावर चढत नाही आणि हवेतही विरत नाही. ते पलीकडच्या गल्लीत जातं. एका एकरानं पुराची पातळी कुठं वाढते, असा खवचट प्रश्न यावर ठरलेला आहे. एका एकरानं दिसण्यासारखी नाही वाढत. पण एकच एकर कुठं आहे? रस्त्याला लागून एकानं भराव टाकला की शेजारच्या चौघांच्या प्लॉटमध्ये पाणी साठायला लागतं. मग ते चौघे टाकतात, मग त्यांच्यामागचे आठ. शेवटी बुडतो तो ज्याच्याकडं मुरमाच्या गाड्यांना पैसे नाहीत. उंच जोत्याची सवलत म्हणजे पैसेवाल्याचं पाणी गरिबाच्या घरात सोडायचा परवाना, असं मी म्हणतो तेव्हा लोकांना ती अतिशयोक्ती वाटते. पूर आलेल्या कुठल्याही वसाहतीत पाण्याच्या खुणा बघत फिरा. नव्या इमारतींच्या पायऱ्या कोरड्या आणि त्यांच्यामागच्या बैठ्या घरांत पत्र्यापर्यंत चिखल, हे चित्र मी पाहिलंय.

साठवण गेली हा निम्माच हिशेब. भराव पाण्याची वाटही अडवतो. पुणे-बेंगळुरू महामार्ग २०१९ मध्ये शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला. २०२१ मध्ये पुन्हा बंद झाला. पूरमैदान आडवं कापत जाणारा भरावाचा रस्ता पाण्याच्या दृष्टीनं बांधच. म्हणून तर इथले लोक भरावाऐवजी खांबांवरचा पूल मागतात. म्हणजे सरकारनं टाकलेला भराव पाणी अडवतो हे आपल्याला नीट कळतं. स्वतःच्या प्लॉटवरचा भराव मात्र पाण्याला अदृश्य असतो! तीच गोष्ट कोल्हापुरातल्या जयंती नाल्याची. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी नदीत जायचं थांबतं आणि उलटं शहरात फुगतं. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर नदीपासून लांब असूनही पाण्यात गेले ते या फुगवट्यामुळं. नाल्याच्या दोन्ही बाजू आवळून टाकल्यावर फुगलेल्या पाण्यानं जायचं कुठं?

पुण्याचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. मुठेची निळी रेषा ६० हजार क्युसेकला धरून आखलेली. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सुमारे ३५ हजार क्युसेक होतं, आणि सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात होती. कागदावर जे पाणी निळ्या रेषेच्या पुष्कळ आत राहायला हवं होतं, ते लोकांच्या स्वयंपाकघरात होतं. लगेच ओरड झाली की न सांगता रात्री पाणी सोडलं. पूर्वसूचना मिळायलाच हवी, त्यात हयगय करणाऱ्याला जाब विचारायलाच हवा. पण सूचना मिळाली असती तर माणसं आणि गाड्या निघाल्या असत्या. पाणी तिथं आलंच असतं. रेषा आखली जाते विसर्गावर, घरात शिरते ती पातळी. धरणाखालच्या मुक्त पाणलोटातले ओढे ऐन पावसात त्यात भर घालतात, आणि पात्रात राडारोडा पडला, काठ आवळले, मधे रस्ता घातला की तेवढ्याच विसर्गाला पातळी वर चढते. आणि अशा नदीला सुशोभीकरणाचे आणखी ४४ किलोमीटर बांधीव काठ द्यायचे, ही त्यावरची आपली योजना.

आता कर्नाटकातलं आल्मट्टी धरण. हे नाव घेतल्याशिवाय आमच्याकडं पुराची चर्चा पुरी होत नाही, आणि घेतलं की चर्चेची गरज उरत नाही. सगळा पूर कर्नाटकनं पाठवलेला असतो. १९८९ च्या महापुरात आल्मट्टीत पाणी साठवायला सुरुवातही झालेली नव्हती, ही किरकोळ अडचण सोडून द्यायची. २०१९ नंतर राज्य सरकारनंच नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीनं त्या पुराचं खापर आल्मट्टीच्या फुगवट्यावर फोडलं नाही, हीही सोडून द्यायची. समितीनं अतिवृष्टीकडं, नदीतल्या अडथळ्यांकडं आणि पूरक्षेत्रातल्या बांधकामांकडं बोट दाखवलं. ते बोट आपल्याकडं वळलं म्हणून अहवाल कपाटात गेला. आल्मट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे. तो असू द्या, फुगवट्याचा स्वतंत्र अभ्यास व्हावा, पावसाळ्यात दोन्ही राज्यांच्या अभियंत्यांनी तासातासाला बोलावं. पण उद्या आल्मट्टीचे सगळे दरवाजे कायमचे उघडे ठेवले, तरी जयंती नाल्यावरची बांधकामं आपोआप उठणार आहेत का?

गंमत बघा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठी पश्चिमेला अरबी समुद्राला मिळते, तिथं आल्मट्टीचा काही संबंध लावता येईना. मग कोयनेच्या वीजप्रकल्पाचं अवजल सापडलं. पुण्यात खडकवासला सापडतं. कोल्हापुरात आल्मट्टी कमी पडली तर राधानगरी आहेच. तिचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत, पाणी ठरल्या पातळीला पोचलं की आपले आपण उघडतात, तरी 'कुणी सोडलं पाणी' हा प्रश्न विचारला जातोच. धरणांच्या चालवण्यात चुका होतात, झाल्या आहेत. पण प्रत्येक गावाला आपापलं एक धरण दोष द्यायला लागतं, आणि एकाही गावाला आपला बांधकाम परवाना विभाग त्यासाठी आठवत नाही.

धरणाबद्दल आणखी एक. वर धरण झालं की खाली पाच-दहा वर्षं छोटे पूर यायचे थांबतात. लोकांना वाटतं, नदी आता बांधली गेली. त्या भरवशावर पात्राच्या कडेपर्यंत घरं येतात. मग एक मोठा पूर येतो, जो धरणाच्या आवाक्यातला नसतो, आणि पूर्वी जिथं चार गोठे वाहून गेले असते तिथं चारशे संसार जातात. पुराचा जोर तोच, नुकसान शंभरपट. भूगोलाचे अभ्यासक गिल्बर्ट व्हाइट यांनी अमेरिकेत १९४० च्या दशकातच हे मांडलं होतं: बांधकामं उभारून पूर अडवत गेलं की लोक पुराच्या आणखी जवळ सरकतात.

भिंतींचंही तेच. बिहारमध्ये १९५० च्या दशकात नदीकाठचे तटबंध होते जेमतेम १६० किलोमीटर. ते वाढत वाढत साडेतीन हजार किलोमीटरच्या पुढं गेले. त्याच काळात पूरप्रवण क्षेत्र सुमारे २५ लाख हेक्टरवरून ६८ लाख हेक्टरवर गेलं. भिंती वाढल्या, पूरही वाढला. २००८ च्या ऑगस्टमध्ये कोसीनं कुसहापाशी तटबंध फोडला आणि कित्येक दशकं पूर न पाहिलेल्या गावांवर गेली. आणि ज्या नेदरलँड्सची उदाहरणं आपले पुढारी अभ्यासदौऱ्याहून आल्यावर देतात, त्या देशानं १९९३ आणि १९९५ च्या पुरांनंतर काय केलं? 'रूम फॉर द रिव्हर' नावाचा कार्यक्रम आखला. नायमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध पुढं आणायच्या ऐवजी ३५० मीटर मागं घेतला, त्यासाठी घरं हलवली आणि नदीला आणखी एक वाट काढून दिली. शेकडो वर्षं बांधावर जगलेला देश बांध मागं घेतोय, आणि आपण निविदा काढतोय पुढं घेण्याच्या.

नदी खोल करा म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, की पुलाखालचा गाळ आणि राडारोडा जरूर काढा. पण सपाट प्रदेशात मधेच खड्डा पाडला तर पाणी तिथं साठतं, उताराशिवाय ते पळत नाही, आणि दोन पावसाळ्यांत खड्डा भरतो. पाणी दुष्काळी भागाकडं वळवण्याचं स्वप्न जास्त मोहक आहे. माणदेशाला पाणी मिळावं याला कोण नाही म्हणेल? पण ते पूर उतरवण्याचा उपाय म्हणून सांगितलं जातं तेव्हा जरा पाढे म्हणावेत. एक लाख क्युसेकचा पूर एका दिवसात ८.६४ टीएमसी पाणी नेतो. आख्खी राधानगरी भरून वर थोडं उरेल एवढं. दोन हजार क्युसेकचा भलामोठा बोगदा काढला असं समजा. तो दिवसाला ०.१७ टीएमसी उचलेल. पुराच्या पन्नासाव्या भागानं पाणी किती उतरेल, हे ज्यानं त्यानं आपल्या भिंतीवरच्या खुणेला पट्टी लावून ठरवावं.

राहता राहिला अन्यायाचा मुद्दा, आणि तो एकटाच थोडा दमदार आहे. ज्या शेतकऱ्याची जमीन निळ्या रेषेत गेली, त्याचं नुकसान होतं. त्यावर उपाय आहे: हस्तांतरणीय विकास हक्क देऊन बांधकाम दुसरीकडं न्यायची सोय करता येते, किंवा जमीन उघडी ठेवण्याचा मोबदला देता येतो. तो मागा, मी तुमच्या मोर्च्यात येतो. पण मोर्चे निघतात ते रेषा पुसायला, मोबदला मागायला नाही. कारण रेषा पुसली की जमीन विकता येते आणि पुढचा पूर विकत घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. सांगलीत शामरावनगर, कर्नाळ रस्त्याकडंची सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथं पावसाळा म्हणजे काय असतं ते तिथल्या बायकांना विचारा. सखल जमिनी गुंठ्यागुंठ्यानं कुणी विकल्या, तो माणूस आता कुठल्या उंचावर राहतो, हेही विचारा. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला. पुढं त्यात मुदती वाढवत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणल्या. कागद नियमित झाले. जमिनीची पातळी होती तिथंच राहिली. गरिबाला हक्काचं घर मिळालंच पाहिजे, पण पाण्यात बुडणारं घर नियमित करून देणं याला उपकार म्हणायचं?

२०१९ मध्ये सरकारनं मोफत धान्य देताना अट घातली होती, भाग दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्याखाली हवा. दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ यांसाठी पाण्याचे दिवस मोजले गेले. त्याच पट्ट्यात आधीच्या दहा वर्षांत किती ब्रास मुरूम पडला, ते मोजायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

तेव्हा 'पूररेषा विकासाला आडवी येते' हे गाऱ्हाणं आता पुरे. पूररेषा पूर आणत नाही आणि घर बुडवतही नाही. ती एवढंच सांगते की इथवर पाणी येतं. ते ऐकून घ्यायचं नसेल तर नका ऐकू, पण मग बुडाल्यावर शेजाऱ्यांनी भरलेल्या करातून मदत मागताना निदान तिला शिव्या देऊ नका. आणि आपल्याकडं ही रेषा उभी आहे ती परिपत्रकांवर आणि नियमावलीतल्या कलमांवर, जी मंत्रालयातल्या एका फेरबदलानं सैल होऊ शकतात. केंद्रीय जल आयोगानं पूरमैदानांच्या वर्गीकरणाचा नमुना कायदा राज्यांकडं पाठवला तो १९७५ साली. मणिपूरनं १९७८ मध्ये कायदा केला, राजस्थाननं १९९० मध्ये, तेव्हाच्या जम्मू-काश्मीरनं २००५ मध्ये, उत्तराखंडनं २०१२ मध्ये. २००५ पासून तीन महापूर आणि एक चिपळूण पाहिलेल्या महाराष्ट्रानं केलेला नाही. पुढच्या निवडणुकीत तुमचे आमदार पूररेषा शिथिल करून आणतो म्हणून टाळ्या मागतील, तेव्हा त्यांना टाळ्यांऐवजी एक प्रश्न द्या: हा कायदा विधानसभेत कधी मांडताय?